चुलींतला बटाटा

तिकोणा पेठेकडच्या एका विद्यार्थ्यास आम्हीं मागें वर्गांत विचारलें, "चीज भरून भाजलेला बटाटा घरीं करून पाहिलास काय ?" तो खालीं पाहून म्हणाला, "सर, आमच्या घरीं ओव्हन नाहीं." हें उत्तर आमच्या मनांत सलत राहिलें. पवनेच्या जलाशयाकांठीं तंबू ठोकून राहणारे पाहुणे जें हौसेनें खातात, तें आपल्यासाठीं नव्हे, अशी समजूत गडाच्या पायथ्याशीं वाढणाऱ्या मुलाची व्हावी, हें आम्हांस मुळींच पसंत नाहीं.

वस्तुतः या पदार्थास धग पाहिजे. ती भट्टीची असो कीं चुलीची. बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वताचा, व त्याचें मराठी नांव पोर्तुगीजांकडून आलेलें, हें खरें. परंतु आज आपल्याच पुणें जिल्ह्यांत, आंबेगांव तालुक्यांतील सातगांव पठारावर, त्याचें पावसाळी पीक निघतें. त्यास आतां परका कोण म्हणेल ?

राहिलें चीज. तें वितळतें आणि घरचें पनीर वितळत नाहीं, म्हणून पनीर हलकें, असें पुष्कळांस वाटतें. चीज करतांना दूध बहुधा रेनेटनें बांधतात. त्यांत कॅल्शियम टिकतें व तापविल्यावर तें ओघळतें. लिंबाच्या आंबटपणानें दूध नासविलें म्हणजे बरेंचसें कॅल्शियम पाण्यांत उतरतें आणि पनीर घट्टच राहतें. हा भेद रसायनाचा आहे, प्रतिष्ठेचा नव्हे.

आमच्या घरची रीत अशी. बटाटे मोठे व पिठूळ घ्यावेत. हिरवट झालेला किंवा फार मोड आलेला टाकावा, कारण त्यांत सोलानीन नांवाचें विष वाढलेलें असतें. सालीस चार-सहा भोंकें पाडावींत, नाहींतर वाफेनें बटाटा फुटतो. (एकदां आम्ही हें विसरलों, आणि सारी चूल पिठासारखी पांढरी झाली !) जाळ विझल्यावर निखाऱ्यांशेजारच्या गरम राखेंत पाऊण तास पुरून, मधून मधून फिरवावा, सुरी आंत सहज गेली म्हणजे झाला. मग राख पुसून उभा चिरावा, गर काढून त्यांत कुसकरलेलें पनीर, लोणी, मीठ, भरडलेलें जिरें, मिरची व कोथिंबीर मिसळावी, आणि सालींत परत भरून जाड बुडाच्या पातेल्यांत ठेवावें. झांकणावर निखारे घातले कीं दहा मिनिटांत वरची बाजू तांबूस होते.

म्हशीच्या 1 लिटर दुधाचें सुमारें 200 ग्रॅम पनीर होतें. सहा बटाट्यांस तें पुरतें. पालकांस येथें एक विनंति आहे. घरचें सगळें दूध डेअरीच्या कॅनमध्यें ओतावयाचें आणि मुलांनीं हट्ट धरला कीं लोणावळ्याहून चीजचा डबा आणावयाचा, हा व्यवहार आम्हांस उलटा वाटतो. पैशाची निकड आम्ही जाणतों. तरीपण महिन्यांतून एखादा लिटर पोरांच्या पोटासाठीं राखून ठेवावा. आणि निखारे सारण्याचें काम मुलींवरच कां ? मुलग्यांनींहि चुलीपुढें बसावें.

त्या विद्यार्थ्यानें पुढें एका सोमवारीं आपण होऊन सांगितलें, "सर, साल जरा करपली, पण आजीनें दुसरा मागितला."