गावकुसाच्या आतला रस्ता

रत्नागिरीहून कोल्हापूर-सांगलीमार्गे येणारा राष्ट्रीय महामार्ग क्र. १६६ चौपदरी झाला आणि मंगळवेढ्याहून सोलापूरचे सुमारे ५५ किलोमीटरचे अंतर तासाभराचे झाले. विकासाची ही खूण स्वागतार्हच आहे. परंतु शाळा भरण्याच्या वेळेस किंवा आठवडा बाजाराच्या दिवशी दामाजी चौकातून पायी निघालेल्या माणसाला याच मंगळवेढ्यात वेगळे चित्र दिसते. दोन्ही कडांना लावलेल्या मोटारसायकली, मधोमध थांबलेली रिक्षा, मागून सतत वाजणारे भोंगे आणि या सगळ्यातून नातवंडाचा हात घट्ट धरून वाट काढणारी आजी. अशी स्थिती आज महाराष्ट्रातील बहुतेक तालुक्यांच्या गावी आहे. महानगरांच्या वाहतूककोंडीवर अहवाल निघतात, उड्डाणपूल बांधले जातात. तालुक्याच्या गावाची कोंडी मात्र कुणाच्याच विषयपत्रिकेवर नसते.

मंगळवेढा हे जुने गाव. येथील गावकुसाच्या बांधकामावर असताना ते कोसळून संत चोखामेळा यांनी १३३८ साली देह ठेवला. त्या गावकुसाच्या आत जी वस्ती वाढली, तिचे बोळ, पेठा आणि चौक पायी चालणारा माणूस व बैलगाडी यांच्या मापाने आखले गेले. घरे रस्त्याला लागून, देवळे वस्तीच्या मध्यभागी, बाजार चालत जाता येईल इतक्या अंतरावर. आज नगररचनाशास्त्राचे अभ्यासक ज्या 'पायी चालण्याजोग्या' नगराची महती सांगतात, ते नगर आपल्या पूर्वजांनी शतकांपूर्वीच उभे केले होते. अशा गावाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाण्यास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागू नये. मग त्यासाठी प्रत्येक घरात दोन-दोन, तीन-तीन दुचाक्या का लागाव्यात, हा खरा प्रश्न आहे.

कोंडी झाली की दोन उपाय हमखास सुचविले जातात. पहिला, रस्ता रुंद करा. दुसरा, हातगाडीवाले हटवा. जुन्या पेठेत रुंदीकरण म्हणजे कुणाचे तरी राहते घर पाडणे. ते करूनही जी जागा मोकळी होते, ती वर्षभरात उभ्या वाहनांनी भरून जाते, हा गावोगावचा अनुभव आहे. हातगाडीवाल्यांविषयी बोलायचे, तर पथविक्रेत्यांसाठी २०१४ साली केंद्राने कायदा केला. त्यानुसार त्यांचे सर्वेक्षण करून त्यांना जागा नेमून देणे ही नगरपरिषदांची जबाबदारी आहे. ती पार न पाडता केवळ अतिक्रमण हटविण्याची मोहीम काढली, तर आठवड्याभरात गाड्या पुन्हा त्याच जागी दिसू लागतात. शिवाय भाजीची एक गाडी जेवढी जागा अडवते, जवळपास तेवढीच जागा दुकानासमोर दिवसभर उभी असलेली मोटार अडवते. पहिलीवर कारवाई होते, दुसरीला नमस्कार होतो.

केंद्र सरकारने २००६ साली जाहीर केलेल्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाचे मूळ सूत्र असे होते की, रस्त्याचे नियोजन वाहने हलविण्यासाठी नसून माणसे हलविण्यासाठी असावे. २०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग वगळता इतर कामे करणाऱ्यांच्या प्रवासाची नोंद घेतली गेली. त्यांतील सुमारे २३ टक्के कामावर पायी जात होते, १३ टक्के सायकलने, जवळपास तेवढेच दुचाकीने आणि मोटारीने तीन टक्क्यांहून कमी. त्यानंतर दुचाक्यांची संख्या पुष्कळ वाढली. तरीही पायी चालणारा आजही रस्त्यावरचा मोठा घटक आहे, आणि त्याच्यासाठी सलग पदपथ असलेले तालुक्याचे गाव शोधावे लागते.

गावातील गर्दीचे दुसरे मूळ गावाबाहेर आहे. मंगळवेढा हे तालुक्याचे ठिकाण. तहसील कचेरी, दवाखाना, महाविद्यालय, बाजारपेठ या सगळ्यांसाठी खेड्यापाड्यांतील माणूस येथे येतो. तो कसा येतो, यावर चौकातील गर्दी ठरते. एका एसटीत चाळीस-पन्नास प्रवासी येतात. तेवढेच प्रवासी मोटारसायकलवर आले, तर वीस-पंचवीस गाड्या उभ्या करण्यास जागा लागते. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावर पहिली एसटी धावली, तेव्हापासून या सेवेने ग्रामीण महाराष्ट्र जोडला. परंतु ऑक्टोबर २०२१ अखेर सुरू झालेला कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. त्या काळात अनेकांनी वडापचा आधार घेतला, ज्यांना शक्य होते त्यांनी कर्ज काढून दुचाकी घेतली. एकदा दारात गाडी आली की माणूस थांब्यावर उभा राहत नाही. पुढे ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट या सवलती आल्या. त्यांचे स्वागत करतानाच हेही म्हटले पाहिजे की, सवलतीचा उपयोग बस वेळेवर आली तरच होतो. शाळा-महाविद्यालयाच्या आणि बाजाराच्या वेळेस खात्रीची फेरी मिळाली, तर चौकातील गर्दीचा मोठा भार आपोआप उतरेल.

मध्यमवर्गीय कुटुंबांनी आपल्या अंगणाकडेही पाहावे. दहावीत गेलेल्या मुलाला शिकवणीसाठी मोपेड घेऊन देणे हे आता वात्सल्याचे लक्षण मानले जाते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९९ अ आले. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालकास किंवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. वाहनाची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. कायद्याचे भय बाजूला ठेवले, तरी आकडे बोलके आहेत. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत दुचाकीवरील सुमारे ४४ टक्के होते, तर पादचारी जवळपास पाचवा हिस्सा. यांतील प्रत्येक आकड्यामागे एक घर आहे.

या मुलांना सायकल द्यावी, असे म्हणणे सोपे आहे. पण रस्ता सुरक्षित नसेल तर आई-वडील सायकल देणार नाहीत आणि त्यांना दोषही देता येणार नाही. एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाणारे पुणे हे याचे उदाहरण. तेथे २०१७-१८ मध्ये भाड्याच्या सायकली मोठ्या उत्साहाने आल्या आणि काही वर्षांत दिसेनाशा झाल्या. सायकल आली, तिच्यासाठी निर्धोक वाट आली नाही. याउलट, आज सायकलींचा देश मानला जाणारा हॉलंड १९६० च्या दशकात मोटारींच्याच मागे लागला होता. १९७१ साली तेथे रस्त्यांवर चारशेहून अधिक मुले दगावली, तेव्हा आई-वडील रस्त्यावर उतरले. पाठोपाठ १९७३ चे तेलसंकट आले. या दोन्हींच्या रेट्यातून त्या देशाने आपले धोरण बदलले. आपल्याकडे बिहारने २००६ पासून नववीच्या मुलींना सायकली दिल्या. माध्यमिक शाळेतील मुलींची नोंदणी त्यामुळे सुमारे एक तृतीयांशाने वाढल्याचे पुढील अभ्यासात आढळले. सायकल ही गरिबीची खूण आहे, हा समज आपण जितक्या लवकर टाकून देऊ तितके बरे.

विजेवर चालणाऱ्या वाहनांमुळे हा प्रश्न सुटेल, असे काहींना वाटते. त्याने धूर कमी होईल, हे खरे. आपला देश गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल आयात करतो, त्या दृष्टीनेही विजेची वाहने उपयुक्त आहेत. हवेच्या गुणवत्तेसाठी २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात सोलापूर शहराचा समावेश करावा लागला, हेही विसरता येत नाही. मात्र विजेची दुचाकीही चौकात तेवढीच जागा व्यापते. धूर आणि गर्दी या दोन वेगळ्या व्याधी आहेत. दोन्हींवर एकाच वेळी लागू पडणारे औषध म्हणजे पायी चालणे, सायकल आणि सार्वजनिक वाहन.

हे अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांनी जेमतेम पंचवीस किलोमीटरवरील पंढरपूर पाहावे. आषाढीला तेथे लाखो वारकरी लोटतात. तेव्हा खासगी वाहने गावाबाहेर थांबतात, एसटीची तात्पुरती स्थानके उभारली जातात, जादा गाड्या सोडल्या जातात आणि मंदिराचा परिसर पायी चालणाऱ्यांसाठी मोकळा ठेवला जातो. कर्नाटकातून मंगळवेढ्यावरून पंढरीला जाणाऱ्या दिंड्यांना रस्त्याच्या एका बाजूने, शिस्तीने कसे चालावे हे कुणाला शिकवावे लागत नाही. जी व्यवस्था आणि जी शिस्त वारीच्या दिवसांत साधते, तिचा दहावा हिस्सा रोजच्या जीवनात का आणता येऊ नये?

त्यासाठी मोठा निधी लागत नाही. शाळांभोवतीच्या रस्त्यांवर शाळा भरताना आणि सुटताना अर्धा तास वाहनांना मनाई करता येईल. पेठेबाहेर वाहनतळ नेमून पेठेत सम-विषम तारखांना एकाच कडेला गाड्या लावण्याचा नियम काटेकोरपणे पाळता येईल. पथविक्रेत्यांना कायद्याप्रमाणे जागा देता येईल. गाळप हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर शाळेच्या वेळेत गावातून न नेण्याबाबत कारखाने आणि पोलीस यांना एकत्र बसवता येईल. ही कामे नगरपरिषदेची आणि प्रशासनाची. पण गल्लीतील मुलांना एकत्र करून पायी शाळेत पोहोचविणारी पालकांची पाळी लावणे, आठवड्यातून एक दिवस वाहन घरी ठेवणे, आपल्या दुकानापुढची जागा मोकळी ठेवणे यासाठी कोणत्याही शासकीय आदेशाची वाट पाहावी लागत नाही. वस्तीवस्तीत संपर्क असलेल्या कार्यकर्त्यांनी हे काम हाती घ्यावे. मात्र आरंभ स्वतःच्या दुचाकीपासून करावा. बैठकीला मोटारसायकलवरून येऊन पर्यावरणावर बोलणाऱ्याचे कुणी ऐकत नाही.

मंगळवेढ्याची ओळख दामाजीपंतांमुळे आहे. दुष्काळात धान्याची कोठारे भुकेलेल्यांसाठी खुली करणाऱ्या या संताची कथा महाराष्ट्रातील घराघरांत सांगितली जाते. रस्ता हेही गावाचे एक कोठारच आहे. त्यात शाळेत निघालेल्या मुलीचा वाटा आहे, काठी टेकत देवळात जाणाऱ्या वृद्धाचा आहे, डोक्यावर पाटी घेऊन बाजाराला आलेल्या शेतकरी स्त्रीचाही आहे. आज ते कोठार ज्याच्याकडे वाहन आहे त्याच्या कुलपात आहे. दामाजींचे नाव अभिमानाने सांगणाऱ्या गावाने ते कुलूप स्वतः उघडावे.