शेवटची पाळी कधी आली?

पहिल्या केमोच्या दिवशी सिस्टर केसपेपर भरत होती. नाव, वय, वजन आणि मग, "शेवटची पाळी कधी आली?" मी पटकन तारीख सांगितली. गणपतीच्या आधीच्या आठवड्यातली होती ना! सणासुदीत 'अडचण' नको म्हणून आपण सगळ्याजणी बोटं मोजत असतोच. तिनं लिहून घेतली. त्यानंतर सहा केमो झाल्या, रेडिएशन झालं, पण पाळीबद्दल मला कुणी एका अक्षरानं विचारलं नाही की सांगितलं नाही.

बाकी सगळं सांगितलं होतं हं. केस जातील, उलट्या होतील, तोंड येईल, पाणी उकळून प्या, फळं सोलून खा. छापील कागदच दिला होता. त्यात विग कुठे मिळतो तेही होतं. पाळी मात्र नव्हती.

मी तेव्हा ४१ वर्षांची. दुसऱ्या केमोनंतर पाळी आलीच नाही. सासूबाई म्हणाल्या, "सुटलीस बाई!" खरं सांगते, मलाही तसंच वाटलं. महिनाभराने रात्री अंग भट्टीसारखं तापायला लागलं. केमोत पांढऱ्या पेशी कमी होतात, ताप आला तर रात्र असली तरी निघून या, असं बजावलेलं. घाबरून थर्मामीटर लावला, तर ९८! ऐन जानेवारीत मी पंख्याखाली घामाघूम आणि शेजारी नवरा रजईत. असं आठ-दहा रात्री झाल्यावर आमच्या नेहमीच्या लेडी डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, "अगं, हे हॉट फ्लशेस. केमोनं तुझी पाळी जातेय. तुला सांगितलं नव्हतं?"

मग त्यांनीच समजावलं. केमो केसांच्या मुळांना मारते तशी अंडाशयातल्या बीजांनाही मारते. सायक्लोफॉस्फमाइडसारखी औषधं तर जास्तच. केस परत येतात. बीजांचा साठा मात्र जन्मताना मिळतो तेवढाच, नवीन तयार होत नाही. म्हणून तिशीतल्या मुलीची पाळी काही महिन्यांनी, वर्षा-दीड वर्षाने बऱ्याचदा परत येते, चाळिशीनंतर मात्र कायमची जाण्याची शक्यता मोठी. एरवी बाईची पाळी हळूहळू, चार-पाच वर्षं रेंगाळत जाते. तो जिना उतरणं असतं. आम्हाला गच्चीवरून ढकलतात.

झोप उडते, सांधे धरतात, हाडं ठिसूळ व्हायला लागतात. त्यासाठी डेक्सा तपासणी असते, हेही मला फार उशिरा कळलं. आणि कोरडेपणा. नवरा-बायकोच्या नात्यात त्यानं काय होतं ते आपल्याकडे कोण बोलणार? साधी पाण्यातली जेली औषधाच्या दुकानात मिळते. ती मागायला मला चार महिने लागले. हॉर्मोनच्या गोळ्या आमच्यासाठी नाहीत. स्तनाच्या कॅन्सरमधून उठलेल्या बायकांना त्या देऊन पाहणारा 'हॅबिट्स' नावाचा अभ्यास २००३ मध्ये मध्येच थांबवावा लागला, कारण कॅन्सर उलटण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. पण हॉट फ्लशेसवर हॉर्मोन नसलेली औषधं आहेत. मात्र टॅमॉक्सिफेन चालू असेल तर त्यातली काही चालत नाहीत, म्हणून मैत्रिणीची गोळी उचलून घ्यायची नाही.

गंमत पुढेच आहे. १४ महिन्यांनी मला पुन्हा डाग दिसला. मी काय करावं? आनंदानं रडले! आणि तीन आठवडे कुणाला सांगितलं नाही. लेडी डॉक्टर चांगल्याच रागावल्या. टॅमॉक्सिफेनवर असताना असं रक्त गेलं तर आधी गर्भाशयाची तपासणी हवी, लाड नंतर. सोनोग्राफी चांगली आली. ती पाळीच होती, दोनदा आली आणि गेली. त्या म्हणाल्या, "म्हणून सांगते, पाळी थांबली म्हणजे दिवस राहणारच नाहीत असं धरून चालू नकोस." या औषधांवर दिवस राहणं बाळाला धोक्याचं. हेसुद्धा मला पहिल्यांदाच कळत होतं.

हे सगळं आज लिहायचं कारण माझी भाची. नणंदेची मुलगी, वय २९, तोच आजार. केमोची तारीख ठरली. मी म्हटलं, डॉक्टरांना पाळीचं विचारू या. वन्सं एकदम म्हणाल्या, "वहिनी, आधी पोरीचा जीव वाचू दे. लग्न व्हायचंय तिचं, तिच्यासमोर हे विषय नकोत." त्यांचं चुकलं असं कसं म्हणू? आईचं काळीज ते. पण लग्न व्हायचंय म्हणूनच तर विचारायचं! केमो सुरू झाल्यावर विचारून काय उपयोग? स्त्रीबीजं गोठवून ठेवायची तर साधारण दोन आठवडे लागतात, तेही आधी. अंडाशयाला केमोच्या काळात झोपवून ठेवणारं महिन्याचं इंजेक्शन असतं, तेही आधी सुरू करावं लागतं. दोन्हीची हमी नाही, खर्च आहे, आणि प्रत्येकीचा आजार थांबायला सवड देतोच असंही नाही. पण नको म्हणायला तरी आधी माहीत हवं ना?

डॉक्टरांपुढे रोज केवढी रांग असते, मी पाहिलीय. त्यांना वेळ नाही हे मान्य. पण तो रकाना केसपेपरवर आहेच की! तारीख लिहून घेणारी सिस्टर तिथेच दोन वाक्यं सांगू शकते, नवऱ्याला आणि सासूला बाहेर बसवून. छापील कागदात विगच्या पत्त्याखाली चार ओळींची जागाही आहे.

भाचीनं शेवटी स्वतःच विचारलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "बरं झालं विचारलंस. पंधरा दिवस थांबता येईल," म्हणाले आणि दुसऱ्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दिली. परत येताना रिक्षात वन्सं गप्पच होत्या. स्टँड आल्यावर हळूच लेकीला म्हणाल्या, "तुझी तारीख कधीची गं? ते विचारतील ना."