गर्ड म्युलर म्हणजे नेमके कोण? जर्मनीतल्या सर्वांत कॉमन आडनावाची गोष्ट

ऑगस्ट २०२१ मध्ये बातमी आली : गर्ड म्युलर यांचं निधन. तेव्हा जर्मनीचे विकासमंत्री गर्ड म्युलर मात्र मंत्रालयात काम करत होते. निधन झालं होतं ते १९७४ च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये विजयी गोल करणाऱ्या फुटबॉलपटूचं. दोघांचं नाव एक, आडनाव एक, पण नातं काहीच नाही.

इतके म्युलर आले कुठून?

म्युलर म्हणजे पिठाची गिरणी चालवणारा. पूर्वी गावोगावी पाणचक्क्या होत्या आणि प्रत्येक ठिकाणी एक गिरणीवाला. कामावरून हाक मारता मारता तेच आडनाव झालं. त्यामुळे सगळे म्युलर एका घराण्यातले नाहीत.

२००९ चं साहित्याचं नोबेल मिळवणाऱ्या हेर्टा म्युलर तर रोमानियात जन्मल्या. बायर्न म्युनिककडून ७५६ सामने खेळून २०२५ मध्ये क्लब सोडणारा थॉमस म्युलरही त्याच क्लबच्या गर्ड म्युलर यांचा नातेवाईक नाही.

मग ओळख कशी टिकवायची?

यावर एका म्युलरने १९ व्या शतकातच उपाय शोधला होता. ऋग्वेदाची संहिता संपादित करणारे फ्रिडरिश मॅक्स म्युलर इंग्लंडमध्ये स्थायिक झाले. नुसतं 'म्युलर' फारच सामान्य वाटत असल्याने त्यांनी 'मॅक्स' हे नावच आडनावाला जोडून घेतलं. पुण्या-मुंबईतलं 'मॅक्स म्युलर भवन' त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. गंमत म्हणजे ते स्वतः कधीच भारतात आले नाहीत.

आता काय बदललं?

जर्मनीत आडनाव कोणतं लावायचं, यावर कायद्याची बंधनं आहेत. आधी लग्नानंतर जोडआडनाव घ्यायचं तर ते पती-पत्नींपैकी एकालाच घेता यायचं. मुलांना दोन्ही आडनावं मिळत नव्हती. म्हणजे आई श्मिट आणि बाबा म्युलर असतील, तर मुलाच्या नावापुढे दोघांपैकी एकाचंच आडनाव लागायचं.

१ मे २०२५ पासून नवा कायदा लागू झाला. आता दोघांनाही 'म्युलर-श्मिट' असं समान आडनाव घेता येतं, मुलांनाही ते देता येतं. मधली छोटी रेघ नको असेल तर तीही गाळता येते. मर्यादा मात्र दोन आडनावांचीच.

याचा अर्थ काय?

मुलाला आई आणि बाबा दोघांचं आडनाव मिळणं, हा या बदलाचा गाभा आहे. शिवाय म्युलरांच्या गर्दीत स्वतःची वेगळी ओळखही मिळू शकते. तोपर्यंत 'म्युलर' यांची एखादी बातमी दिसली, तर फॉरवर्ड करण्याआधी एकदा बघून घ्या : हे म्युलर नेमके कोणते?