शाळा सुटल्यानंतर मुलांना कोण जपणार?

ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरची घटना घडली आणि राज्यातील शाळांना सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती यांबद्दल जाब विचारला जाऊ लागला. मात्र शाळा सुटली की तेच मूल मैदानावर, जलतरण तलावावर किंवा आखाड्यात जाते. तिथे हा जाब कोण विचारतो?

कोल्हापूरला हा प्रश्न अधिक जवळचा आहे. शाहूपुरी, गंगावेस, मोतीबाग अशा तालमींनी शहराला कुस्तीची ओळख दिली. खेड्यापाड्यांतली मुले तालमीत मुक्कामाला राहून घडली. खुराक, झोप, वजन, दुखापत असे सगळे वस्तादांच्या हाती असते. हा विश्वास परंपरेचे बळ आहे. पण जे मूल कुठल्याही खेळात मोठ्यांवर इतके अवलंबून असते, ते त्रास झाला तरी सहसा बोलत नाही. निवड हुकेल, घरी पाठवतील, ही भीती त्याला गप्प करते.

आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१६मध्ये स्पष्ट केले, की खेळातला अत्याचार केवळ लैंगिक नसतो. मारहाण, सततचा अपमान आणि दुर्लक्ष हेही त्यातच येते. त्याची किंमत शरीर आणि मन दोन्ही चुकवतात. अमेरिकेत जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर उपचाराच्या नावाखाली मुलींचे शोषण करत होता. २०१८मध्ये शिक्षेच्या सुनावणीत दीडशेहून अधिक जणींनी आपबीती सांगितली. काहींनी तक्रार फार आधी केली होती. मोठ्यांनी ती मनावर घेतली नव्हती.

आपल्याकडे कायदा आहे. पोक्सोच्या २०२०च्या नियमांत क्रीडा अकादमींचा नावानिशी उल्लेख आहे. मुलांच्या संपर्कातील प्रत्येक कर्मचाऱ्याची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी आणि बालसुरक्षेचे प्रशिक्षण बंधनकारक आहे. गुन्ह्याची माहिती असूनही न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत, तर हाताखालच्या व्यक्तीचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

अडते ते तपासणीपाशी. पोक्सोच्या अंमलबजावणीवर देखरेख राष्ट्रीय आणि राज्य बाल हक्क आयोगांची. पण गल्लीतल्या अकादमीत जाऊन कागद कोणी पाहायचे, हे नियम सांगत नाहीत. २०२५च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने सुरक्षित क्रीडा धोरण आणले, तरी त्याचा रोख महासंघांवर आहे. खासगी प्रशिक्षण वर्ग त्यापासून दूरच राहतात.

उपाय जिल्ह्यातच आहे. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय व्यायामशाळांना अनुदान देते, शालेय स्पर्धा भरवते. अनुदानासाठी आणि स्पर्धेतील प्रशिक्षकाच्या ओळखपत्रासाठी पोलीस पडताळणीची अट घालता येईल. जिल्हा बाल संरक्षण कक्षाला सोबत घेऊन वर्षातून एकदा भेट देता येईल. १०९८ हा क्रमांक प्रत्येक आखाड्याच्या भिंतीवर लिहायला तर फारसा खर्चही नाही.

पालकांनीही फी भरण्याआधी विचारावे: पडताळणी झाली आहे का? मुक्कामाला रात्री मुलांजवळ कोण असते? तक्रार कोणाकडे करायची? चांगल्या वस्तादाला या प्रश्नांचा राग येण्याचे कारण नाही.