दोनशे वर्षांची थाप

"अमेरिकेला इतिहास आहेच कुठे हो?"

हे वाक्य मी गेल्या एकतीस वर्षांत किती वेळा ऐकले, याची मोजदाद ठेवली नाही हे बरेच झाले. शिकागोजवळच्या आमच्या घरी पुण्याहून, नाशकाहून, पार्ल्याहून पाहुणे येतात. पहिले दोन दिवस झोप भरून काढण्यात जातात, मग शहरातल्या उंच इमारती होतात, मग नायगारा होतो, आणि निघायच्या आदल्या रात्री जेवणानंतर बडीशेप चघळता चघळता हे वाक्य येते. इतके नेमाने येते, की ते आले म्हणजे आमची सौ. माझ्याकडे पाहून नुसती भुवई उडवते. पाठोपाठ पुरवणीही ठरलेली असते. "दोनशे वर्षांचा काय तो इतिहास! आमच्या वाड्याचे जोते याहून जुने आहे."

खोटे कशाला बोलू? मीही हे वाक्य पुष्कळ वापरले आहे. परक्या देशात नोकरी करणाऱ्या माणसाच्या दुखावलेल्या अभिमानाला त्याचा फार उपयोग होतो. वरिष्ठाने चारचौघांत चूक काढली, की मनात म्हणावे, 'अरे, तुझ्या देशाचे वय ते काय!' त्याने पगार वाढत नाही, पण रात्रीचे जेवण गोड लागते. तेव्हा पाहुण्यांवर तोंडसुख घेण्याचा मला तसा अधिकार नाही. तरीही यंदा मी ते घेणार आहे. कारण हे वाक्य नुसते अज्ञान नाही, ती एक थाप आहे, आणि ती आपली स्वतःचीही नाही. ज्यांनी ही भूमी तिच्या मालकांकडून काढून घेतली, त्यांनीच ती प्रथम मारली. इथे काही नव्हते, नुसते रान होते, आम्ही आलो आणि इतिहास सुरू झाला! आपण मात्र अमेरिकेला टोमणा मारतो आहोत अशा समजुतीने त्यांचीच आरती म्हणत असतो.

हे मला पुस्तकातून उमगले असते तर मानाचे झाले असते. ते उमगले एका जोडसुट्टीच्या सहलीत, आणि तेही हिच्या एका प्रश्नामुळे.

सप्टेंबरचा पहिला सोमवार इथे कामगारदिनाच्या सुट्टीचा असतो. शनिवार-रविवार जोडून तीन दिवस मिळतात. मुले आपापल्या गावी, घरात आम्ही दोघेच. मिसिसिपीच्या काठची जुनी गावे पाहावीत असे ठरले. मोटार ही चालवते. मी शेजारी बसून नकाशा पाहतो आणि वेग जास्त झाल्याचे सांगतो. ते ती ऐकत नाही.

पहिला मुक्काम गलीना. इलिनॉय राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, टेकड्यांच्या कुशीत बसलेले, जेमतेम तीन हजार वस्तीचे हे गाव चित्रासारखे आहे यात शंका नाही. विटांची दुमजली-तिमजली घरे, वळत गेलेला मुख्य रस्ता, टेकडीवर चढणाऱ्या पायऱ्या आणि दर चार पावलांवर मिठाईचे, मेणबत्त्यांचे नाही तर मुरांब्याचे दुकान. यादवी युद्धातला सेनापती आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला युलिसिस ग्रँट १८६० साली इथे आला तो बापाच्या चामड्याच्या दुकानात काम करायला. वर्षभरात युद्धावर गेला आणि १८६५ साली परतला तेव्हा गावकऱ्यांनी त्याला एक घर नजर केले. ते अजून निगुतीने राखलेले आहे.

गावाचे नाव मात्र ग्रँटहून जुन्या वैभवाचे. गलीना म्हणजे शिशाचे खनिज. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या देशातले बहुतेक शिसे या टापूतून निघे. बंदुकीच्या गोळ्या, रंग, सगळे त्यातून. त्या काळी मिसिसिपीतल्या आगबोटी थेट गावाच्या धक्क्याला लागत. आज ती गलीना नदी पाहिली तर हसू येते. खाणींसाठी डोंगर पोखरले, शिसे वितळवायला झाडे तोडली, माती वाहून पात्रात बसली आणि नदीचा ओढा झाला. आगबोटी गेल्या, पैसा गेला. आणि पैसा गेल्यामुळेच जुनी घरे पाडून नवी बांधण्याची ऐपत उरली नाही. गाव जपले गेले ते असे! जतनाच्या कौतुकात ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

नदीकाठच्या बाकावर बसून आम्ही घरून आणलेल्या गुळपोळ्या खात होतो. ही एकदम म्हणाली, "अहो, पण इथे जमिनीखाली शिसे आहे, हे या लोकांना सांगितले कोणी?"

"खणले असेल, सापडले असेल."

"उगीच कोणी डोंगर खणतो का? तुम्ही विहिरीसाठी सुद्धा पाणाड्या आणता."

माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते नदीच्या पलीकडच्या काठावर मिळाले.

पलीकडे आयोवा राज्यातले डब्यूक. हे शहर मोठे, कष्टकऱ्यांचे, गलीनासारखे नटलेले नाही, म्हणून मला अधिक आवडले. तिथे कड्यावर चढणारी, दोराने ओढली जाणारी एक चिमुकली गाडी आहे. ग्रेव्हज नावाच्या पेढीवाल्याने १८८२ साली ती बांधविली. त्याचे घर कड्याच्या वर आणि पेढी खाली. दुपारी घरी जाऊन वामकुक्षी करावी तर घोडागाडीने वळसा घालण्यातच वेळ जाई. तेव्हा झोपेसाठी यंत्र! हा गृहस्थ आपल्या सदाशिव पेठेत जन्मायचा, चुकून आयोवात गेला असे मी म्हटले. हिने ते माझ्याकडून तीनदा ऐकून घेतले.

शहराला नाव मिळाले ते ज्युलियन डब्यूक या कॅनडातल्या फ्रेंच व्यापाऱ्यावरून. गावाच्या दक्षिणेला कड्यावर, त्याच्या थडग्याच्या जागी १८९७ साली बांधलेला दगडी बुरूज आहे. पण हा संस्थापक आला तेव्हा खाणी चालू होत्या! मेस्क्वाकी नावाच्या जमातीचे लोक इथले शिसे काढीत, वितळवीत आणि फ्रेंच व्यापाऱ्यांना विकीत. खणण्याचे काम मुख्यतः बायका करीत. १७८८ साली डब्यूकने त्यांच्याकडून खणण्याची परवानगी मागून घेतली, आणि आठ वर्षांनी स्पेनच्या गव्हर्नराकडून स्वतःच्या नावाने सनद करून घेतली. १८१० मध्ये तो वारला. पुढे त्याच्या सावकारांच्या वारसांनी त्या सनदेवर जमिनीचा दावा सांगितला. तो वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८५० नंतरच्या दशकात न्यायालयाने निकाल दिला, की डब्यूकला मिळाली होती ती फक्त खणण्याची परवानगी. जमीन त्याची कधीच नव्हती. निकाल चोख! पण तोवर मेस्क्वाकींना तिथून हलवून वीस वर्षे होऊन गेली होती आणि त्यांच्या खाणींवर शहर उभे राहिले होते.

हिच्या प्रश्नाचे उत्तर हे असे होते. शिसे दाखवले बायकांनी, बुरूज झाला डब्यूकचा.

दुपारी आम्ही उत्तरेला साठ मैलांवर गेलो. तिथे मिसिसिपीच्या कड्यावर मातीची दोनशेहून अधिक टेकाडे आहेत. त्यांतली कित्येक पक्ष्यांच्या आणि अस्वलांच्या आकाराची. चढण दमवणारी होती. वर पोहोचल्यावर समोर दिसले ते गवताने झाकलेले, कमरेहून कमी उंचीचे एक लांबलचक अस्वल, नाकापासून शेपटापर्यंत १३७ फूट. कोणी टोपल्यांनी माती वाहून ते घडवले. टेकाडे घालण्याची ही रीत इथे हजार वर्षांपूर्वी भरात होती. आपल्या वेरुळी कैलास कोरला गेला तेव्हाही इकडे हे काम चालले होते. आणि ही एकटीदुकटी जागा नाही. याच नदीवर खाली, सेंट लुईसच्या समोर, काहोकिया नावाचे हजारो वस्तीचे नगर बाराव्या शतकात नांदत होते, आणि त्याचा शंभर फूट उंचीचा मातीचा चौथरा आजही उभा आहे.

आमचे मेहुणे म्हणतील, माती म्हणजे काय इतिहास? शिलालेख कुठे आहे? ताम्रपट कुठे आहे? लिहिले नाही ते घडले नाही, असा हा न्याय. मला तो फार सोयीचा वाटतो. लिहिणारा नेहमी घेणारा असतो. आपल्याकडे तरी वेगळे काय? गावाचा इतिहास लिहायचा तर इनामाच्या सनदेपासून सुरुवात. त्या रानात पाणी कुठे लागते, कंद कोणता खावा, हे ज्या कातकऱ्याला ठाऊक होते, तो आपल्या गावाच्या इतिहासात कोणत्या पानावर आहे? शोधून पाहावे. मी माझ्या आजोळच्या गावाच्या स्मरणिकेत शोधले. देवळाच्या जीर्णोद्धाराला देणगी देणारे सापडले.

सोमवारी नदीच्या काठाकाठाने रॉक आयलंडला आलो. रॉक नदी मिसिसिपीला मिळते तिथे साउकेनुक नावाचे सॉक जमातीचे मोठे गाव होते. लांबरुंद घरे, काही हजार माणसे आणि शेकडो एकर मका. १८०४ साली सेंट लुईसला या जमातीचे मूठभर लोक एका खुनाचे प्रकरण मिटवायला गेले आणि एका तहावर अंगठे उठवून परत आले. त्या तहात सुमारे पाच कोटी एकर जमीन गेली. मोबदला २,२३४ डॉलर पन्नास सेंट रोख आणि वर्षाला हजार डॉलर. त्या लोकांना हा अधिकार जमातीने दिलेलाच नव्हता. पुढे शिकारीहून वसंतात परत यावे तो आपल्याच घरात परकी माणसे बसलेली, असे सुरू झाले. १८३१ साली स्वयंसेवकांच्या फौजेने गाव जाळले. १८३२ च्या एप्रिलात ब्लॅक हॉक हा पासष्टीचा म्हातारा बायकामुलांसह हजारभर लोक घेऊन नदी ओलांडून परत आला. त्याच्यावर धाडलेल्या फौजेत तेवीस वर्षांचा अब्राहम लिंकन एका तुकडीचा कप्तान होता. त्याच्या वाट्याला लढाई आली नाही. ऑगस्टच्या आरंभी, परत नदीपार पळू पाहणाऱ्या या उपाशी लोकांना बॅड ॲक्सपाशी गाठले. मागून फौज, पुढे नदीत तोफ लावलेली आगबोट. शेकडो मेले, त्यांत पोहणाऱ्या बायका होत्या आणि त्यांच्या पाठीवरची पोरे होती.

तिथल्या संग्रहालयात मी हे वाचत होतो आणि मला आमचा धाकटा आठवला. शिकागोचा बर्फावरच्या हॉकीचा संघ १९२६ पासून याच नावाने खेळतो. संघाच्या मालकाची पहिल्या महायुद्धातली पलटण ब्लॅक हॉकच्या नावाची होती, म्हणून संघालाही ते नाव. छातीवर मोठे रंगीत तोंड असलेला त्यांचा लाल सदरा मी मुलाला घेऊन दिला होता. वाढत्या अंगाचा म्हणून एक माप मोठा. चार वर्षे तो त्याच्या अंगावरून निघाला नाही. तो सदरा हिने धुतला आणि मी इस्त्री केला. हे तोंड कोणाचे, असे आम्ही दोघांनी एकदाही विचारले नाही. इतिहास नसलेल्या देशात तोंडाला मालक कशाला असेल!

"आता जाऊ द्या, ते लोक संपले," असे कोणी म्हणेल. तेही खोटे. मेस्क्वाकींनी १८५७ साली आयोवातच, टामा परगण्यात, स्वतःच्या पैशांनी ऐंशी एकर जमीन विकत घेतली. आपल्याकडून काढून घेतलेल्या मुलखातली जमीन, हजार डॉलर मोजून! आज ती वाढत वाढत आठ हजार एकरांच्या वर गेली आहे आणि ते तिथे राहतात. सरकारने दिलेली राखीव जागा नव्हे, आमची वसाहत, असे बजावून सांगतात. शिकागोहून मोटारीने पाच तास. नायगाराला आम्ही आठ-नऊ तास घेतो, आणि तिथे एकतीस वर्षांत अकरा वेळा गेलो.

आमचे मेहुणे या दिवाळीला येत आहेत. परवा फोनवर कार्यक्रम ठरत होता. मी म्हटले, यंदा तुम्हाला रॉक आयलंडला नेतो, साउकेनुक होते तिथे.

"तिथे पाहण्यासारखे काय आहे?"

हिने फोन माझ्या हातून घेतला. "मक्याची शेते होती, दादा."

"होती म्हणजे? आता काहीच नाही?"

"आता रस्ते आहेत, घरे आहेत, दुकाने आहेत," ही म्हणाली, "तीही दाखवीन."