निर्वाणातील दातेरी चाके : एका खेळविश्वातील अस्तित्वस्तरांची संरचना

कल्पित विश्वाची रचना ही कथनाचे नेपथ्य होय, असे मानण्याची सवय साहित्यसमीक्षेत रुजलेली आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या अमेरिकन कथाखेळातील अस्तित्वस्तरांची संरचना ही सवय तपासून पाहण्यास भाग पाडते. कारण तेथे स्थळ हीच मूल्यव्यवस्था आहे.

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये प्रकाशित झाला. सूत्रधाराने प्रसंग उभा करावा, खेळाडूंनी पात्रांच्या भूमिकेतून निर्णय घ्यावेत आणि यशापयश फाशांनी ठरवावे, असे त्याचे स्वरूप. १९७८ च्या नियमपुस्तकात पात्राचा नैतिक कल दोन अक्षांवर निश्चित होतो. एका अक्षाची टोके नियमनिष्ठा व स्वैरता, दुसऱ्याची सुष्टता व दुष्टता. दोहोंच्या मध्ये तटस्थता. अशा रीतीने नऊ कल सिद्ध होतात.

गायगॅक्स यांनी १९७७ मध्ये एका लेखातून मांडलेली स्तररचना याच कोष्टकाशी जोडलेली आहे. केंद्रस्थानी मर्त्यांचा भौतिक स्तर. त्याला लागून मूलतत्त्वांचे आणि धन-ऋण ऊर्जांचे अंतःस्तर. ही तत्त्वे ग्रीक परंपरेतील चारच आहेत. पंचमहाभूतांतील आकाश त्यांत नाही. त्यांपलीकडे सोळा बाह्यस्तर चक्राकार मांडलेले आहेत. पूर्ण तटस्थता वगळता उरलेल्या आठ कलांना आठ स्तर आणि त्यांच्यामधील छटांना आणखी आठ, असा हा हिशेब आहे. भौतिक स्तर व अंतःस्तर यांना ‘ईथर’ जोडतो, तर भौतिक व बाह्यस्तर यांना ‘ॲस्ट्रल’ स्तर.

या रचनेची सममिती डोळ्यांत भरते. परंतु तिची किंमतही मोठी आहे. कोष्टकातील घरे आधी तयार आहेत आणि ती भरण्यासाठी ऑलिम्पस, हेडीस, टार्टारस, गेहेन्ना अशी भिन्न परंपरांतील नावे आणली गेली आहेत. नियमनिष्ठ तटस्थतेच्या घराला ‘निर्वाण’ हे नाव मिळाले. जेफ ग्रब यांच्या १९८७ च्या ग्रंथात तर हे निर्वाण एकमेकांत गुंतून फिरणाऱ्या प्रचंड दातेरी चाकांचे विश्व म्हणून अवतरते.

खेळ हा धर्मशास्त्राचा ग्रंथ नव्हे, असा आक्षेप येथे घेतला जाईल आणि तो रास्तही आहे. पण प्रश्न शास्त्रशुद्धतेचा नाही, अर्थाचा आहे. निर्वाण म्हणजे विझणे. तृष्णेच्या निवृत्तीतून येणारी ती अवस्था आहे. तिला ‘तेथे जाऊन राहण्याचे’ ठिकाण केले की त्या संकल्पनेने उभा केलेला मूळ प्रश्नच मिटून जातो. पौराणिक चौदा लोकांशी तुलना केल्यास हा फरक अधिक स्पष्ट होतो. स्वर्ग पुण्याने मिळतो आणि पुण्य सरताच सुटतो. म्हणजे तेथील स्थळ काळाच्या अधीन आहे. कोष्टकाच्या चक्रात मात्र नीती हा जणू कायमचा पत्ता ठरतो.

हीच रचना वाङ्मयीन दृष्ट्या समृद्ध झाली ती १९९४ मध्ये, डेव्हिड कुक यांच्या ‘प्लेनस्केप’मुळे. त्यात ‘निर्वाण’ हे नाव जाऊन ‘मेकॅनस’ आले. त्याहून महत्त्वाचा बदल वेगळाच होता: श्रद्धा ही स्थळाला घडविणारी शक्ती ठरली. चक्राच्या मध्यावरील तटस्थ प्रदेशात प्रत्येक बाह्यस्तराकडे नेणारे एकेक वेशीचे नगर वसले आहे. तेथील रहिवाशांचे विचार व वर्तन शेजारच्या स्तराशी पुरते एकरूप झाले, तर ते नगर त्या स्तरात सरकून नाहीसे होते. त्याच प्रदेशाच्या मध्यभागी उंच सुळक्यावर असलेल्या ‘सिजिल’ या द्वारनगरीत विश्वाच्या अर्थाविषयी परस्परविरोधी मते बाळगणारे पंथ एकमेकांशी झगडतात. नकाशा तोच राहिला. पण तो दिलेल्या उत्तराऐवजी वादाचा विषय झाला, आणि वाद म्हटला की कथेला वाव मिळतो.

पुढील इतिहासही उद्बोधक आहे. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने चक्र मोडून अवघ्या काही विस्तृत स्तरांची सैल रचना स्वीकारली; २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत चक्र परतले. केवळ सममितीच्या आकर्षणाने या पुनरागमनाचा उलगडा होत नाही. चांगले आणि वाईट यांना दिशा व अंतर असावे, त्यांच्याकडे चालत जाता यावे आणि तेथून परतताही यावे, ही कथनाची गरज त्यामागे दिसते.

म्हणूनच अद्भुत विश्वांच्या चिकित्सेत स्तर किती व कोणते, ही मोजदाद पुरेशी ठरत नाही. एका स्तरातून दुसऱ्यात जाण्यास काय कारण घडते आणि त्या प्रवासात जाणारा बदलतो की ते स्थळही बदलते, हे विचारावे लागते. गायगॅक्स यांच्या चक्रात बदलण्याचा भार केवळ पात्रावर होता. कुक यांनी तो नगरावरही टाकला. उसन्या संकल्पनांची चिकित्साही याच निकषावर व्हायला हवी. निर्वाणाला कोष्टकातले एक घर देणारी रचना त्या शब्दाचा केवळ नाद घेते. त्यातला प्रश्न मात्र बाहेरच राहतो.