कॅमेरे बसले, पासवर्ड कोणाकडे?

वसई-विरारच्या शाळांमध्ये कॅमेरे आणि वायफाय बसवण्याचं काम मी करतो. काम संपलं की हमखास प्रश्न येतो, ‘मोबाइलवर दिसतंय ना?’ दिसतं. मग मुख्याध्यापक, लिपिक, संस्थेचे सचिव अशा सगळ्यांच्या फोनवर तेच ॲप आणि तोच पासवर्ड जातो. माणसं नोकरी सोडतात, पासवर्ड तसाच राहतो. विरार पूर्वेच्या एका शाळेत जुन्या ठेकेदाराच्या फोनवर वर्ग अजून दिसत होते. त्याच्या फोनवरचं बंद करू का, असं विचारलं तर शाळेतले लोक म्हणाले, ‘राहू दे, आपलाच माणूस आहे.’

या उत्तराची मला भीती वाटते.

बदलापूरच्या शाळेत दोन लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयाने शाळांना महिनाभरात सीसीटीव्ही बसवायला सांगितलं. ते गरजेचंच होतं. पण कॅमेरा मुलांना सांभाळतो, तसं त्यांना उघडंही पाडू शकतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातली महिलांच्या तपासणीची दृश्यं यूट्यूब आणि टेलिग्रामवरून विकली जात असल्याचं उघड झालं. कॅमेऱ्यांचा पासवर्ड होता ‘ॲडमिन१२३’. पोलिसांच्या तपासात देशभरातले हॅक झालेले कॅमेरे निघाले, त्यांत शाळाही होत्या. अटक झालेल्यांत लातूर आणि सांगलीचे तरुण होते.

यावरचा उपाय ‘झीरो ट्रस्ट’ या नावाने ओळखला जातो. सायबर सुरक्षा विश्लेषक जॉन किंडरवॅग यांनी २०१० मध्ये तो मांडला. त्याचं सूत्र असं: आतला आहे म्हणून कोणालाही मोकळीक नाही. दरवेळी ओळख पटवायची आणि कामापुरतीच परवानगी द्यायची. विरार लोकलचा टीसी रोजच्या प्रवाशालाही पास विचारतो, त्याचं कोणी वाईट वाटून घेत नाही.

आपल्या शाळांत कॅमेरे, स्मार्ट टीव्ही, बायोमेट्रिक हजेरीचं मशीन आणि ‘सरल’, ‘यू-डायस’ या सरकारी पोर्टलवर विद्यार्थ्यांची माहिती भरायचा कार्यालयातला संगणक, सगळं बहुधा एकाच वायफायवर असतं. कॅमेऱ्यातून शिरलेला चोर मग मुलांच्या आधार क्रमांकांपर्यंत पोहोचू शकतो. कॅमेऱ्यांचं नेटवर्क वेगळं करा. प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन द्या. कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या बहुतेक डीव्हीआरमध्ये ती सोय असतेच. गेलेल्या माणसाचं लॉगिन त्याच दिवशी बंद करा. खर्चापेक्षा यात शिस्त जास्त लागते. मात्र जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकी शाळेवर हे ओझं टाकणं अन्यायाचं होईल. तिथे गटशिक्षण कार्यालयानेच फिरता तंत्रज्ञ नेमायला हवा.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती नीट न जपल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण दंडाची वाट कशाला पाहायची? पालकांनो, पुढच्या पालकसभेत विचारा: आमच्या मुलांचे वर्ग कोणाकोणाच्या फोनवर दिसतात? उत्तर लेखी घ्या.